मातीखालची देवघेव

पहिला पाऊस स्थिरावला की वाडीच्या कडेला, कुजलेल्या ओंडक्यावर किंवा जुन्या झाडाच्या बुंध्याशी पांढऱ्या-करड्या छत्र्या उगवतात. आपल्या भाषेने त्यांना 'कुत्र्याची छत्री' हे नाव देऊन त्यांची वासलात लावून टाकली आहे. 'बुरशी' हा शब्दही आपल्याकडे कौतुकाचा नाही. लोणच्याला बुरशी आली, पावाला बुरशी धरली, म्हणजे तो जिन्नस वाया गेला, एवढाच त्याचा अर्थ. खाण्याजोगी अळंबी वगळली तर या साऱ्या कुळाविषयी आपल्या मनात अढीच आहे.

वास्तविक ती छत्री म्हणजे त्या जीवाचे केवळ फळ होय. त्याचा खरा देह मातीत, केसाहून कितीतरी बारीक अशा पांढुरक्या तंतूंच्या रूपाने पसरलेला असतो. आंबा तेवढा वर दिसावा आणि झाड मात्र भूमीखाली दडलेले असावे, असाच हा प्रकार आहे. या तंतूंचे आणि झाडांच्या मुळांचे जे नाते आहे, त्याविषयी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. ते बोलणे प्रयोगशाळेतून निघून पुस्तकांत, चित्रपटांत आणि शेवटी प्रवचनपीठापर्यंत येऊन पोहोचले. 'रानातील झाडे एकमेकांना जेवू घालतात, माता-वृक्ष आपल्या लेकरांना मुळांवाटे पोसतो' असे वाक्य आता शाळेतील मुलेही सांगतात. वाक्य सुंदर आहे. परंतु ते खरे आहे काय?

वनस्पतिशास्त्र हा आमचा विषय नव्हे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. मातीचे ज्ञान घरच्या वाडीत जेवढे मिळाले तेवढेच. तथापि हा प्रश्न एका प्रसंगाने आमच्यापुढे असा येऊन उभा राहिला, की त्याला बगल देणे आम्हाला योग्य वाटेना. त्या प्रसंगाकडे आम्ही पुढे येऊच. त्याआधी, वाचकहो, जे निश्चित ठाऊक आहे ते समजून घेऊ.

या विद्येचा आरंभ एका चविष्ट हव्यासातून झाला. युरोपात ट्रफल नावाचे एक अळंबे जमिनीखाली वाढते आणि फार मोठ्या किमतीला विकले जाते. प्रशियाच्या कृषिमंत्रालयाला त्याची लागवड करण्याची इच्छा झाली आणि हे काम आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवण्यात आले. ट्रफलची लागवड काही त्यांना साधली नाही; पण मुळे तपासता तपासता त्यांच्या हाती त्याहून मोलाचे काही लागले. ओक, बीच, पाइन अशा वृक्षांच्या अगदी टोकाच्या बारीक मुळांवर बुरशीचे आवरण चढलेले त्यांना दिसले. हे एखाद्या रोगट झाडावर नव्हे, तर निरोगी झाडांवर, आणि जवळजवळ सर्वत्र. १८८५ साली त्यांनी या जोडीला ग्रीक भाषेतील दोन शब्द एकत्र करून 'मायकोरायझा' असे नाव दिले. त्याचा सरळ अर्थ 'कवकमूळ' असा होतो.

फ्रांक यांचे म्हणणे असे की, ही बुरशी झाडाला खात नाही. ती त्याची दाई आहे. समकालीन विद्वानांना हे पटेना. बुरशी म्हणजे रोग, हा समज त्यांच्याही मनात आपल्याइतकाच पक्का होता. तेव्हा फ्रांक यांनी वादविवाद करण्यापेक्षा कुंड्यांत पाइनची रोपे लावली. काही कुंड्यांतील रानमाती उष्णतेने निर्जंतुक केली, काहींतील तशीच ठेवली. बुरशीयुक्त मातीतील रोपे तरारली आणि 'शुद्ध' केलेल्या मातीतील रोपे खुरटली. पुढे १९५० च्या दशकात स्वीडनच्या उपसाला विद्यापीठात एलियास मेलिन यांनी खुणेचे द्रव्य वापरून दाखवून दिले की, स्फुरद आणि नत्र बुरशीकडून रोपाकडे जाते आणि रोपाने पानांत तयार केलेली साखर बुरशीकडे येते. फ्रांक यांचा तर्क अशा रीतीने पुराव्याच्या पायावर उभा राहिला.

या देवघेवीचे गणित सोपे आहे. झाडाजवळ ऊन आहे, म्हणून साखर आहे; पण त्याची मुळे जाड असल्यामुळे मातीच्या सूक्ष्म कणांमध्ये ती शिरू शकत नाहीत. स्फुरद तर मातीला घट्ट चिकटून बसणारे द्रव्य आहे. मुळाजवळचे संपले की लांबचे आपणहून चालत येत नाही. बुरशीजवळ ऊन नाही, साखर नाही. मात्र तिचे तंतू इतके बारीक की मुळांना दुर्गम असलेल्या फटीत ते सहज शिरतात आणि स्फुरद, नत्र, काही प्रमाणात पाणीही आणून देतात. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही, म्हणून हा संसार टिकला आहे.

आणि तो फार जुना आहे. स्कॉटलंडमधील रायनी या गावाजवळ सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे दगड सापडतात, ज्यांत त्या काळच्या वनस्पती जशाच्या तशा गोठून राहिल्या आहेत. त्या वनस्पतींना खरी मुळे नव्हती. परंतु त्यांच्या पेशींत ही सहचारी बुरशी मात्र आढळली. म्हणजे मूळ घडण्यापूर्वीच ही सोबत सुरू झाली होती. आज भूमीवरील दर दहा वनस्पतींपैकी आठ-नऊ वनस्पती अशा सोबतीने जगतात.

या सोबतीचे मुख्य दोन प्रकार आहेत आणि पुढील विवेचनासाठी ते ध्यानात ठेवले पाहिजेत. एका प्रकारात बुरशी मुळाभोवती मोज्यासारखे आवरण करते; पाइन, ओक, बर्च, हिमालयातील चीड आणि मध्य भारतातील साल हे वृक्ष या गटातील होत. दुसऱ्या प्रकारात बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरून तेथे झुडपासारख्या फांद्या काढते. आपल्याकडील आंबा, नारळ, भात, केळी ही मंडळी या दुसऱ्या गटात मोडतात. वसईच्या वाडीतील केळ तर या बुरशीवर चांगलीच विसंबून असते. कोबी, मुळा, मोहरी यांचे घराणे मात्र या सोबतीवाचून आपला संसार चालवते. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात 'मायकोरायझा' या नावाने जी पुडी मिळते, तीत याच दुसऱ्या प्रकारच्या बुरशीचे बीजाणू असतात.

ही सोबत नसेल तर काय होते, याचेही उदाहरण आहे. कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर पाइन वृक्ष मुळात नव्हते. तेथे पाइन लावण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा फसले. रोपे उगवत, पिवळी पडत आणि मरून जात. १९५० च्या दशकात अमेरिकेतील पाइनच्या रानातून माती आणून रोपांना घातली, तेव्हा ती जोमाने वाढू लागली. बी होते, ऊन होते, पाऊस होता; उणीव होती ती या न दिसणाऱ्या सोबत्याची.

येथपर्यंतच्या गोष्टीविषयी शास्त्रज्ञांमध्ये मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. एकाच बुरशीचे तंतू जर दोन झाडांच्या मुळांना चिकटले असतील, तर त्या तंतूंवाटे एका झाडाचे अन्न दुसऱ्या झाडाकडे जाते काय?

हा प्रश्न कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील रानात सुझान सिमार्ड या वनशास्त्रज्ञ बाईंनी विचारला. त्यामागे व्यावहारिक कारण होते. तेथील लाकूडव्यवसायाला डग्लस फर हे झाड हवे असते. त्याच्या शेजारी उगवणारे बर्च हे प्रतिस्पर्धी तण समजून तोडले जाई किंवा त्यावर तणनाशक फवारले जाई. सिमार्ड यांना शंका आली की, बर्च खरोखरच शत्रू आहे का? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्च, फर आणि सीडर यांची रोपे रानात जवळजवळ लावली. बर्च आणि फर यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून एकाला एका प्रकारच्या व दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारच्या खुणेच्या कार्बनचा वायू दिला. काही दिवसांनी रोपे उपटून पाहिली, तेव्हा बर्चचा कार्बन फरमध्ये आणि फरचा बर्चमध्ये आढळला. हिशेब केल्यावर फरला निव्वळ लाभ झालेला दिसला. तो प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेल्या खुणेच्या कार्बनच्या सरासरी ६ टक्के होता, आणि दाट सावलीतील फरला तो अधिक मिळाला होता. हा निबंध ऑगस्ट १९९७ मध्ये 'नेचर' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या प्रयोगातील सीडरकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष झाले. सीडरची बुरशी दुसऱ्या प्रकारची, म्हणून बर्च आणि फर यांच्या जाळ्यात ते सहभागी होऊ शकत नाही. तरीही त्याच्यात खुणेचा थोडा कार्बन सापडला. तो जाळ्यातून आला नसेल तर मातीतून आला असला पाहिजे. मुळे श्वास सोडतात, पाझरतात, कुजतात. तो कार्बन शेजारी उचलू शकतो. सीडरमध्ये तो कमी सापडला, यावरून सिमार्ड यांनी असा निष्कर्ष काढला की, मुख्य वाट तंतूंचीच असावी. इतर काही शास्त्रज्ञांना तेवढ्याने समाधान वाटले नाही. त्यांचे म्हणणे असे की, मातीची वाट खुली असताना तंतूंच्या वाटेने किती गेले हे कसे सांगता येईल?

परंतु कथा या शंकेसाठी थांबली नाही. त्याच ब्रिटिश कोलंबियात पुढे केव्हिन बायलर आणि सहकाऱ्यांनी ३० मीटर लांब-रुंद अशा तुकड्यातील ६७ डग्लस फर वृक्षांचे आणि दोन जातींच्या बुरशीचे नाते आनुवंशिक खुणांवरून तपासले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या नकाशात एक वृक्ष इतर ४७ वृक्षांशी जोडलेला दिसला. हे मोठे चिकाटीचे काम होते; मात्र कोण कोणाशी जोडलेले आहे हे त्यातून कळते, कोण कोणाला काय देते हे कळत नाही. २००९ च्या 'अवतार' या चित्रपटाने मुळांनी जोडलेले रान कोट्यवधी प्रेक्षकांना दाखवले. २०१५ साली पेटर वोहलेबेन या जर्मन वनपालाचे झाडांच्या गुप्त जीवनावरील पुस्तक आले आणि जगभर खपले. २०२१ साली खुद्द सिमार्ड यांचे माता-वृक्षाचा शोध सांगणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. ६ टक्के कार्बनची गोष्ट अशी वाढत वाढत वात्सल्याची, त्यागाची आणि मृत्युपत्राची गोष्ट झाली.

आता तो प्रसंग सांगतो. नोव्हेंबर महिन्यात, मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत, धर्मग्रामातील एका घरी आम्ही प्रार्थनेसाठी गेलो होतो. घरधनी वर्षापूर्वी वारले होते. प्रार्थना आटोपली, शेजारीपाजारी परतले, आणि त्यांच्या वृद्ध पत्नी आमच्यापाशी येऊन बसल्या. परदेशात शिकणाऱ्या नातवाने फोनवरून त्यांना झाडांची गोष्ट सांगितली होती. त्या म्हणाल्या, "फादर, म्हातारं झाड मरायला टेकलं की आपल्याजवळचं सगळं मुळांवाटे लेकरांना देऊन टाकतं, असं नातू सांगत होता. आमच्या ह्यांनीही तसंच केलं हो. शेवटच्या वर्षी औषधाचे पैसेसुद्धा मागं टाकले, पोरांना लागतील म्हणून. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, झाडंसुद्धा तसंच करतात. खरं आहे ना, फादर?"

'होय' म्हणणे फार सोपे होते. एका होकाराने त्या माउलीला समाधान मिळाले असते, आणि मातीखाली काय चालते हे पाहायला त्या काही जाणार नव्हत्या. धर्मगुरूच्या होकाराला अजूनही आपल्या घरांत वजन आहे. म्हणूनच तो जपून द्यायचा असतो. आम्ही ही गोष्ट ऐकून होतो आणि तिच्याविषयी वाद आहे एवढेही जाणून होतो. आम्ही म्हटले, "मावशी, झाडं काय करतात, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण काकांनी काय केलं, ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्याला झाडाची साक्ष कशाला हवी?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "तेही खरंच. झाडाला काय ठाऊक औषधाचे पैसे वाचवणं!"

त्या घरातून परतल्यावर आम्ही या विषयावरचे जे काही मिळेल ते वाचायचे ठरवले. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकवणारे आमचे वयोवृद्ध प्राध्यापक कोणताही वाद सुरू झाला की लॅटिनमधील एकच शब्द उच्चारत, 'दिस्तिंग्वो', म्हणजे 'मी येथे भेद करतो'. एका वाक्यात तीन विधाने दडलेली असतील तर ती आधी वेगळी करा आणि मग प्रत्येकाला त्याच्या पुराव्याप्रमाणे मान द्या, ही त्यांची शिकवण. माता-वृक्षाच्या कथेला ही कसोटी २०२३ साली शास्त्रज्ञांनी स्वतःच लावली.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. तिघांचीही हयात याच बुरशीच्या अभ्यासात गेलेली. त्यांनी तीन विधाने वेगळी केली. पहिले विधान असे की, रानात झाडांना जोडणारी अशी जाळी सर्वत्र पसरलेली आहेत. त्यांचा निष्कर्ष असा की, हे शक्य आहे, पण अशी जाळी फार थोड्या रानांत तपासली गेली आहेत. सर्वत्र असे म्हणण्याइतका पुरावा नाही. दुसरे विधान असे की, त्या जाळ्यांतून अन्न जाते आणि त्याने लहान रोपांचे भले होते. त्यांचा निष्कर्ष असा की, रानातील प्रयोगांचे फळ संमिश्र आहे. कुठे लाभ, कुठे हानी, कुठे काहीच नाही, आणि मातीच्या वाटेने झालेली ये-जा बहुतेक प्रयोगांत वगळता आलेली नाही. तिसरे विधान असे की, थोर वृक्ष आपल्याच लेकरांना ओळखून त्यांना जाळ्यावाटे अन्न आणि धोक्याचे इशारे पाठवतात. यासाठी रानात केलेल्या आणि तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध केलेल्या एकाही अभ्यासाचा आधार त्यांना आढळला नाही. शिवाय, या विषयावरील शास्त्रीय लेखनातच मूळ प्रयोगांचा दाखला देताना निराधार विधाने करण्याचे प्रमाण गेल्या पंचवीस वर्षांत दुप्पट झाल्याचे त्यांनी दाखवले. म्हणजे अतिशयोक्ती केवळ वर्तमानपत्रांनी केली असे नव्हे. विद्वानांच्या लेखणीतही ती शिरली होती.

या तिघांतील मेलनी जोन्स यांच्या नावापाशी आम्ही थबकलो. १९९७ च्या त्या प्रसिद्ध निबंधाच्या लेखकांत त्यांचेही नाव आहे. ज्या कामाने कीर्ती दिली, त्याच कामातून जगाने काढलेले अर्थ तपासायला पंचवीस वर्षांनी पुन्हा बसणे आणि 'पुराव्याहून अधिक बोलले गेले' असे जाहीरपणे लिहिणे, हे सोपे नाही. सिमार्ड यांना ही टीका मान्य नाही. आपल्या कामावर त्या ठाम आहेत, आणि रानाकडे सुट्या भागांत न पाहता समग्रपणे पाहावे असा त्यांचा आग्रह आहे. हा वाद मिटलेला नाही. काचगृहातील कुंड्यांत, पाने खुडलेल्या फरच्या रोपाकडून शेजारच्या पाइनच्या रोपाकडे कार्बन गेल्याचे सिमार्ड यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली नोंदवले आहे. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळच्या रानात ४० मीटर उंच स्प्रूस वृक्षांना खुणेचा कार्बन दिला, तेव्हा तो शेजारच्या बीच, पाइन आणि लार्च यांच्या बारीक मुळांत मोठ्या प्रमाणात सापडला. तो अभ्यास २०१६ चा. तेव्हा 'काहीच नाही' असे म्हणणेही सत्याला सोडून होईल. झाडांमध्ये कार्बनची ये-जा होते. ती कोणत्या वाटेने, कोणाच्या लाभासाठी आणि किती, हे अद्याप शोधायचे आहे. मात्र त्या ये-जा करण्याला 'माया' हे नाव दिले ते आपण.

निसर्गातून नीतिपाठ काढायचाच असेल, तर तो अर्धा काढून चालत नाही. युरोपातील रानांत मोनोट्रोपा नावाची एक फिकट, पानांत हिरवा कण नसलेली वनस्पती उगवते. ती स्वतः अन्न तयार करत नाही. ही वनस्पती बुरशीच्या आधारे जगते, असे पोलिश शास्त्रज्ञ फ्रान्चिशेक कामिएन्स्की यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभीच मांडले होते. १९६० साली स्वीडनचे एरिक ब्यॉर्कमन यांनी झाडांच्या खोडात खुणेची साखर घालून ती जवळच्या मोनोट्रोपात पोहोचते हे दाखवले. झाड कमावते, बुरशी वाहते आणि मोनोट्रोपा फुकटात खाते. ती परत काही देत असल्याचे दिसत नाही. आम्सटरडॅमच्या टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी २०११ साली आणखी एक गोष्ट दाखवली. एका शेंगवर्गीय रोपाला दोन-तीन प्रकारच्या बुरशींची सोबत दिली असता, जी बुरशी अधिक स्फुरद देते तिलाच रोप अधिक साखर देते. आणि बुरशीही अधिक साखर देणाऱ्या मुळालाच अधिक स्फुरद पुरवते. येथे बाजाराचा हिशेब आहे. माता-वृक्षाचे प्रवचन करायचे तर दुसऱ्या रविवारी मोनोट्रोपाचे आणि तिसऱ्या रविवारी बाजारभावाचेही करावे लागेल! आमचे मत असे की, झाडांना ना संत करावे ना व्यापारी. त्यांना झाडेच राहू द्यावे.

संत ऑगस्टिन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य लिहिताना, पंधराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, श्रद्धावंतांना एक इशारा देऊन ठेवला आहे. आकाश, पृथ्वी, प्राणी, वनस्पती यांविषयी जे अनुभवाने आणि विचाराने कळते, त्याबाबत श्रद्धावंताने अज्ञानाने काहीबाही बोलू नये. कारण जाणकार श्रोता मग त्याच्या श्रद्धेच्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही, असा त्याचा आशय आहे. आज आपल्या धर्मग्रामातील किती तरी मुले-मुली जीवशास्त्र, कृषिविज्ञान शिकतात. प्रवचनपीठावरून आलेले खोटे उदाहरण त्यांच्या कानांतून निसटत नाही.

मग या साऱ्या शोधातून आपल्या पदरी काय पडले? आमच्या मते पुष्कळच. जे निर्विवाद आहे तेच इतके मोठे आहे की त्याला अलंकाराची गरज नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील वनस्पती दरवर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन या बुरशींना देतात. दगडी कोळसा, तेल आणि वायू जाळून जग दरवर्षी जेवढा वायू सोडते, त्याच्या एकतृतीयांशाहून हे थोडे अधिकच भरते. यातील सर्वच कार्बन मातीत कायमचा राहतो असे नाही. तरी काही काळापुरता तो हवेतून निघून भूमीखाली जातो. आपल्या पायाखाली एवढा मोठा व्यवहार चालू असावा आणि आपण त्याला 'कुत्र्याची छत्री' म्हणून लाथेने उडवावे, यात विसंगती आहे.

आणि हा व्यवहार बिघडवणे आपल्या हाती आहे. वारंवार खोल नांगरणी केली की तंतू तुटतात. स्फुरदाची रासायनिक खते गरजेपेक्षा अधिक घातली की वनस्पती बुरशीला साखर देणे आखडते घेते, आणि सोबत क्षीण होते. मग त्याच शेतकऱ्याला दुकानातून मायकोरायझाची पुडी विकत आणावी लागते. जमीन उघडी, जळलेली, सिमेंटने झाकलेली असेल तर तेथे या जीवांना राहायला जागाच उरत नाही. आपल्या चर्चच्या आवारात, शाळेच्या मैदानाकडेला, दफनभूमीत दर हिवाळ्यात पाचोळ्याचे ढीग करून पेटवून देण्याची रीत आहे. स्वच्छतेच्या भावनेने केलेले ते काम मातीला उपाशी ठेवते. तो पाचोळा झाडांच्या बुंध्याभोवती पसरावा किंवा एका खड्ड्यात कुजू द्यावा. खर्च काहीच नाही. जूनमध्ये आपण वृक्षारोपण करतो. त्या वेळी खड्ड्यात विकतच्या मातीबरोबर त्याच जातीच्या, जवळच्या एखाद्या जुन्या निरोगी झाडाखालची ओंजळभर माती घालावी. वनपाल मंडळी पूर्वीपासून हे करत आली आहेत, आणि प्वेर्तो रिकोच्या पाइनलाही त्यानेच जगवले.

सुंदर कथा आणि खरी कथा यांत निवड करण्याची वेळ प्रत्येक घरात येते. मुलाला गोष्ट सांगताना येते, दुःखिताचे सांत्वन करताना येते. अशा वेळी सांत्वनासाठी असत्याचे टेकू लावण्याची गरज नसते, एवढेच या बुरशीच्या अभ्यासाने आमच्या मनावर ठसवले. माणसाने माणसासाठी केलेला त्याग ही माणसाची स्वतःची करणी आहे. तिचे श्रेय झाडांच्या सवयीला देऊन आपण तिला उणेपणा आणतो. त्याचप्रमाणे चाळीस कोटी वर्षे एका बारीक तंतूने मुळाला आणि मुळाने तंतूला सांभाळून घ्यावे, हे पुरेसे नवल आहे. ते जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे, जे ठाऊक नाही ते शोधणाऱ्यांवर सोपवावे, आणि मधल्या काळात बुंध्याखालचा पाचोळा जाळू नये.